कोरा हौद

शनिवार, २२ जून १९५७. आकुर्डी

आज हौद पुरा झाला. रंगाच्या नव्या कारखान्याचं हे मोठं काम माझ्या हातून पार पडलं, म्हणून चार ओळी जास्त लिहितो. पंपघराशेजारी खड्डा, खड्ड्यात हौद, आणि हौदाचा काठ जमिनीच्या जेमतेम वीतभर वर. जन्मभर मी दगड-चुन्याचे हौद बांधले, हात हात जाड भिंतींचे. हा सिमेंट-सळईचा. भिंती इतक्या पातळ की फळ्या काढल्या तेव्हा मी जाडी दोनदा वितीने मोजून बघितली. पण इंजिनियर यशवंतराव पुण्याचे, शिकलेले. त्यांच्या नकाशात होतं तसं केलं. काठोकाठ पाणी भरून बघितलं, टिपूस गळलं नाही.

यशवंतराव आज यंत्रं उतरवून घ्यायला मुंबईला गेले. महिनाभर तिकडेच. टांग्यात बसता बसता म्हणाले, "मिस्त्री, हौदात पाणी असू द्या." मी मान डोलावली. पोराला वाटलं असेल, म्हातारा सिमेंट तडकू देईल. अहो, तीन आठवडे लेकराला पाजावं तसं पाणी पाजलंय त्याला. आता अजून काय पाजायचं?

दुपारी मालकांचा, नानासाहेबांचा, मुनिमाकडून निरोप आला. हौदातलं पहिलं पाणी त्यांच्या मातोश्री यशोदाबाई घालणार. देहूहून इंद्रायणीचा कलश आणणार, श्रावणात मुहूर्त बघून. तोवर हौद कोरा पाहिजे. हे मला मनापासून पटलं. आमचे उस्तादही असंच करत. पाणी भरून गळती बघायची, मग सगळं उपसून हौद पुसून घ्यायचा आणि पहिलं पाणी धन्याच्या हातचं. मी पाणी काढायला लावलं आणि तळ स्वतः फडक्याने पुसला. भिमाजी वर उभा राहून हसत होता. म्हणाला, मिस्त्री, आता तेवढी ताटवाटी मांडा आन जेवायलाच बसा.

भिमाजी म्हणजे माझा खोदकामाचा माणूस. माणूस कसला, भाऊच. मी बांधायचं आणि त्याने खणायचं, असं करता करता दोघांचे केस पिकले. त्याची पालं कारखान्यामागच्या माळावर आहेत.

शनिवार, ६ जुलै

पावसाने धरलं आहे. हौदावर पत्रे टाकले, पत्र्यांवर तट्ट्या, तट्ट्यांवर दगड. तरी कुठून तरी झिरपतंच. रोज सकाळी शिडी लावून उतरतो आणि टिपून काढतो. सावित्री घरी चिडवते. म्हणते, "माझ्या स्वैपाकघराचा ओटा कधी पुसला नाहीत इतक्या मायेनं."

हौदाभोवती खड्ड्यात जो मुरूम परत भरला होता, तो खचतो आहे. वर पाणी साठलंय. भिमाजी पहार खुपसून बघत होता. त्याचं म्हणणं, पाणी खाली जातच नाही. खाली काळा पाषाण, चारी बाजूंनी पाषाण, मधे आपण पोकळ केलंय, तिथं सगळं भरून राहिलंय. मी म्हटलं बरंच झालं, मुरूम चांगला बसेल.

उद्धवराव पाटील येऊन गेले. भला माणूस, एवढ्या पावसात चौकशीला आला. भिमाजीची पालं माळावर अजून किती दिवस राहणार, ते विचारत होते. म्हटलं, काम आहे तोवर राहतील. कारखाने येताहेत, माळालाही आता मोल आलं, असं म्हणाले. खरंच आहे.

गुरुवार, १८ जुलै

सारखी झड. हौदातून पंपघरात जाणारा लोखंडी नळ आज वाकलेला दिसला, मधोमध, वरच्या अंगाला. कुणी तरी त्यावर उभं राहिलं असणार. सगळ्या गड्यांना बोल लावला. कुणीच कबूल होईना. पण वर उभं राहिल्यावर नळ खाली वाकायला पाहिजे, हे आत्ता लिहिताना सुचतंय. असो. उद्या बघू.

हौद आतून खडखडीत कोरडा आहे. श्रावण आता तोंडावर आला. आईसाहेबांना बघून समाधान वाटेल.

शनिवार, २० जुलै

हौद वर आला आहे. मांडीएवढा. मी या डोळ्यांनी बघितला. लिहवत नाही.

रविवार, २१ जुलै

काल राहिलं ते आज लिहितो.

सकाळी पत्रे बाजूला करायला गेलो तर काठ वीतभर राहिला नव्हता. तो माझ्या मांडीला लागत होता. आधी वाटलं, जमीनच खचली. मागे सरून बघितलं. पंपघर आपल्या जागी, लिंब आपल्या जागी, वाट आपल्या जागी. फक्त हौद वर. एका कोपऱ्याला जास्त, एका कोपऱ्याला कमी, शिजत्या भातावरचं झाकण उचलतं तसा. नळ मोडून पडलेला. भिंतीला जिथवर माती होती तिथवर चिखलाचा पट्टा दिसत होता. म्हणजे जो भाग जमिनीत होता तो आता बाहेर होता.

मी काठावर हात ठेवला. आणि हे मी कुणाला सांगितलेलं नाही. हाताखाली तो हलला. थोडासाच. झोपलेलं जनावर अंग हलवतं तसा. मी हात मागे घेतला.

ऐंशी बैलगाड्यांचं ओझं असेल ते. सिमेंट, वाळू, खडी, सळया, सगळं माझ्या नजरेखाली गेलं त्यात. ज्याला दहा बैल जुंपले तरी हलायचं नाही ते आपलं आपण उठून वर येतं, तर मग या जगात जागच्या जागी काय राहणार? घरी आलो तर घराच्या भिंतींकडेही बघवेना. सावित्रीने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, हौद वर आला. ती म्हणाली, वर म्हणजे कुठं?

सोमवार, २२ जुलै

सगळं गाव बघून गेलं. चिंचवडहूनही माणसं आली. बाया लांबूनच हात जोडत होत्या. नानासाहेबांना तार केली. यशवंतरावांनाही केली.

आणि आता जे व्हायचं तेच झालं. खणताना एक गोल धोंडा निघाला होता, जुन्या शेंदराचा डाग असलेला. भिमाजीच्या पहारेला लागला होता. तेव्हा मीच सांगून तो लिंबाखाली ठेवला, नारळ फोडला, सगळं रीतीने केलं. आज पाटलांनी ती गोष्ट काढली. म्हणाले, ज्या हाताने देव उठवला त्याच हाताच्या कामातून जमीन उठली. मी म्हटलं, पाटील, सांगणारा मी होतो. ते म्हणाले, सांगणाऱ्याचं कोण बघतं, पहार कुणाची लागली ते बघा.

अवसेला गाव जमणार. बोकड द्यायचा, आणि भिमाजीने पालं उचलून वेशीपार जायचं. तोवर हौदाला कुणी शिवायचं नाही. पाटील बिचारे गावाचं बघतात, त्यांच्यावर तरी काय रागवायचं.

खरं लिहू? पाटील बोलत होते तेव्हा मलाही वाटलं, असेल. दुसरं काही कारण सुचतच नव्हतं. एवढ्या वर्षांच्या सोबत्याकडे मी क्षणभर परक्यासारखं बघितलं, आणि त्याला ते दिसलं.

बुधवार, २४ जुलै

भिमाजी जेवत नाही. त्याची बायको सोजराबाई रडत घरी आली होती. सांगत होती, धनी म्हणतात गावाचं खरंय, धोंड्याला पहार लागली तवाच हाताला मुंग्या आल्या होत्या. मी पालावर गेलो. तो घोंगडी पांघरून बसला होता. म्हणाला, "मिस्त्री, मी जातो. माझ्यापायी तुमचं नाव नगं जाया." म्हटलं, कुठं जाशील? त्याने नुसता हात केला, तळेगावच्या बाजूला, की चाकणच्या, मला समजलं नाही. या पावसात, गाढवं घेऊन, धाकटी सून अवघडलेली.

हौद आणखी चार बोटं वर. प्रत्येक सरीनंतर वर येतो. पंपघराच्या भिंतीकडे कलतो आहे.

गुरुवार, २५ जुलै

आज यशवंतराव आले. स्टेशनवरून थेट पावसात. हौद बघून त्यांचं तोंड जे उघडलं ते मिटेना. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मिस्त्री, पाणी का काढलंत?"

मला राग आला. इथं डोंगर उठलाय आणि हा पोरगा पाण्याचं विचारतोय. मी मालकांचा निरोप सांगितला, सिमेंट कसं पाजलं ते सांगितलं. ते डोक्याला हात लावून पत्र्यावर बसले. म्हणाले, तुम्ही सिमेंटसाठी म्हणून समजलात, चूक माझी, मी टांग्यातून ओरडलो, खाली उतरून सांगायला हवं होतं. हौद पाण्यानेच उचललाय. बाहेरच्या पाण्याने. पुस्तकात वाचलं होतं, पण असं होईल म्हणून स्वप्नातही नव्हतं.

मग ओल्या भिंतीवर कोळशाने काढून दाखवलं. पाण्यात जी वस्तू बसते ती पाण्याची जागा घेते. पाणी ती जागा सोडत नाही, वस्तूला खालून ढकलत राहतं. जेवढ्या पाण्याची जागा घेतली तेवढ्याच पाण्याच्या वजनाचा जोर. वस्तू त्याहून जड असेल तर बसते, हलकी असेल तर वर येते. मी मान हलवली, पण खरं सांगायचं तर टाळक्यात काही शिरलं नाही. ऐंशी गाड्या आणि हलक्या?

घरी आलो. सावित्री चहाला दूध घेत होती. मुंग्या चढू नयेत म्हणून आमच्याकडे दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवतात, सगळ्यांच्याच घरी ठेवतात. सकाळपासून भरलेलं पातेलं परातीच्या बुडाला मुकाट बसलं होतं. तिने उरलंसुरलं दूध ओतून घेतलं आणि रिकामं पातेलं परत ठेवलं. ते बसलं नाही. तरंगायला लागलं, डुलत डुलत परातीच्या कडेला गेलं.

मी तिला म्हटलं, ते दाब. ती म्हणाली, "अहो, चहा निवतोय." मग मीच दाबलं. तळव्याला खालून कुणी तरी हात लावल्यासारखं झालं. सोडलं की वर. पातेलं तेच, पितळही तेवढंच. फक्त आत काही नव्हतं.

भिमाजीने तेव्हाच सांगितलं होतं, खाली पाषाण, चारी बाजूंनी पाषाण, मधे पाणी. ती परातच. आणि तिच्यात मी रोज सकाळी उतरून, फडक्याने पुसून, एक एक थेंब काढून, पातेलं रिकामं ठेवत होतो. माझे जुने हौद का उठले नाहीत तेही कळलं. दगडाच्या जाड भिंती, त्यांचं वजनच एवढं की पाण्याला झेपलं नसतं. ही भिंत पातळ. पाऊस आत पडू दिला असता, नुसता आळस केला असता, तरी हौद जागचा हलला नसता. माझ्या मायेने उठला तो.

चहा तसाच राहिला. देवाने कोपून करावं असं काही मी केलं असतं तर एवढं हादरलो नसतो.

शनिवार, २७ जुलै. अवस

गाव जमलं. बोकड होता, पाटील होते. सोजराबाईने गाढवांवर बोचकी बांधली होती. काल दिवसभर यशवंतरावांनी गड्यांना पाणी भरा म्हणून विनवलं, कुणी घागरीला हात लावला नाही. हौद पंपघराच्या भिंतीपासून हातभर अंतरावर. आणखी एक मोठी सर आली की टेकणार आणि दोन्ही फुटणार.

मी उभा राहून सांगितलं. म्हटलं, हे माझं काम आहे, मी हौद रिकामा ठेवला, पाण्याने उचलला. मागून कुणी तरी म्हणालं, सिमेंट तरंगतंय म्हणे, उद्या मिस्त्रीचं जातं उडंल. हशा झाला. पाटील मायेने मला म्हणाले, हिंदुराव, जुन्या गड्यासाठी तुमचा जीव तुटतो, कळतं आम्हाला, पण अंगावर घेऊ नका.

गावाला पटवणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून मी भिमाजीचा दंड धरला आणि त्याला हौदाशेजारी खड्ड्याच्या पाण्यापाशी नेलं. तो येत नव्हता, ओढूनच नेलं म्हणा. सोजराबाईच्या बोचक्यावरची तांब्याची घागर घेतली आणि त्याच्या हातात दिली.

"तोंड वर ठेव. आत पाणी जाऊ देऊ नको. दाब खाली."

त्याने दाबली. गळ्यापर्यंत गेली, पुढे जाईना. त्याने दोन्ही हातांनी, पाठीचा जोर लावून दाबली. पहार धरणारे हात ते, पण घागर थरथरायला लागली. आणि हातातून निसटून टुणकन वर आली. तो बघतच राहिला.

"कोण ढकलतंय रं?" मी विचारलं.

तो पाण्याकडे बघत होता. म्हणाला, "पानी."

"देव न्हाई?"

"न्हाई."

"तुझी पहार?"

त्याने घागर आडवी केली, भरू दिली. ती गुडगुड करत बुडाली आणि खाली जाऊन बसली. त्याने ती परत काढली. परत रिकामी करून दाबली. असं तीनदा की चारदा केलं. त्याचे ओठ हलत होते. मग भरलेली घागर उचलून तो हौदाकडे गेला आणि कुणी काही म्हणायच्या आत पत्रा सरकवून आत ओतली. मळकं, लाल, मुरमाचं पाणी. ज्या तळाला मी फडक्याशिवाय काही लावलं नव्हतं त्यावर ते पाणी पडल्याचा आवाज आला आणि काळजात कळ आली, ते लिहायला हवं.

दुसरी घागर मी घातली. तिसरी बादली यशवंतरावांची, कपड्यांसकट चिखलात. मग आमचे गडी एकेक करून पुढे झाले. इकडचं पाणी उपसायचं, तिकडे ओतायचं. दुपार टळली तेव्हा हौदाखालून बुडबुडे आले, मोठे, म्हशीने उसासा टाकावा तसे, आणि तो बसायला लागला. बायका ओरडल्या. सबंध बसला नाही, खाली गाळ शिरलाय. तिरका राहिला, पण भिंतीला टेकला नाही, आणि संध्याकाळी सर आली तेव्हा हलला नाही. मी हात ठेवून बघितलं.

पाटील बोकड घेऊन परत गेले. माळाचं पुन्हा बोलू म्हणाले. बिचाऱ्यांचा सबंध दिवस गेला.

सोमवार, ५ ऑगस्ट

पुढल्या महिन्यापासून इथं दुसरा मिस्त्री येणार. नानासाहेबांनी मला ओसरीवर बाजूला घेऊन सांगितलं, आवाज न चढवता. हौद पावसाळा सरल्यावर फोडून पुन्हा बांधायचा, यशवंतराव तळ जाड आणि रुंद करणार आहेत. खोदकाम भिमाजीकडेच राहील, तेवढं मी मागून घेतलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

सकाळचं लिहायचं राहिलं.

यशोदाबाई कलश घेऊन आल्या होत्या. पिकलेल्या, वाकलेल्या, पण देहूपासून कलश मांडीवरच धरून बसल्या होत्या म्हणे. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, सांगायची कुणाची छाती झाली नव्हती. त्या काठाशी आल्या, आत बघितलं. तिरका हौद, आणि त्यात अजून न निवळलेलं लाल पाणी. कलश धरलेले हात तसेच राहिले.

"यात पाणी आहे," त्या म्हणाल्या. मग, "कुणी घातलं?"

नानासाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी पुढे झालो, पण तोंड उघडायच्या आत मागून भिमाजी बोलला.

"म्या घातलं, आईसाहेब. पयली घागर माजी."

सोजराबाईने पदर तोंडात धरला. त्या माउलीने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, चिखलाने भरलेल्या पायांपासून डोक्यावरच्या मुंडाशापर्यंत. "का घातलंस?"

"त्यो उठून चालला व्हता. रिकामा व्हता म्हून."

यशोदाबाईंनी परत त्या पाण्याकडे बघितलं. नानासाहेब काही तरी बोलायला गेले, त्यांनी हातानेच गप्प केलं. मग त्या भिमाजीला म्हणाल्या, जरा सरक बाबा, मला वाकता येत नाही, हात दे. त्याने आधी तळवे धोतराला पुसले आणि मग हात दिला. त्या हाताला धरून त्या काठावर ओणवल्या, आणि कलश तिरपा करता करता म्हणाल्या, "मग हे माझं दुसरं."